बासिलिया तुर्पोचा पट्टा

आमच्या गावातलं प्रत्येक मूल आयुष्यातलं पहिलं वर्ष बासिलिया तुर्पोच्या पट्ट्यात काढतं. मागाचं एक टोक जमिनीतल्या खुंटीला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधून ती अंगणात बसते. लोकरीचे चार बोटं रुंद, लांबलचक पट्टे विणते. त्यावर पाखरं असतात, मासे असतात. बाळाला आधी दुपट्यांत गुंडाळायचं, मग खांद्यापासून घोट्यापर्यंत हा पट्टा आवळायचा. मूल ओंडक्यासारखं ताठ होतं. आमच्याकडे म्हणतात, घट्ट बांधलेलं मूल दचकत नाही आणि मोठेपणी पाठीवर बटाट्याचं पोतं सहज नेतं.

माझंही वर्ष तिच्याच पट्ट्यात गेलं. मी पुनो शहरात नर्सिंग शिकून गावच्या आरोग्यकेंद्रात परतले, तेव्हा बासिलिया मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "पट्टा मी चांगलाच विणला होता. हिच्या आईनं सैल बांधला. म्हणून जीभ अशी सुटली!"

गेल्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, हिवानं बादलीतलं पाणी गोठलं होतं अशा सकाळी, तिची सून यानेत केंद्रात आली. नवरा सोन्याच्या खाणीवर. कडेवर मूल नव्हतं.

"विल्बेरला खोकल्याचं औषध दे ना. ताप पण आहे."

"दूध पितोय?"

"कालपासून तोंडच लावत नाही. पण आता शांत आहे. सासूबाईंनी घट्ट बांधून ठेवलाय."

सात महिन्यांचं तापलेलं मूल उपाशी आणि शांत. मी पिशवी उचलली आणि तिच्यासोबत निघाले.

स्वयंपाकघराला खिडकी नाही. चुलीत शेण्या धुमसत होत्या, डोळे चुरचुरत होते. मावशी चुलीला चिकटून बसली होती, मांडीवर विल्बेर. नुसता चेहरा दिसत होता. गाल लालबुंद, पण या पठारावर थंडीनं सगळ्याच पोरांचे गाल तसे असतात. मी ओठ पाहिले. ते निळसर होते. मावशी चमच्यानं त्याला पुदिन्याचा काढा पाजू पाहत होती.

"मावशी, चमचा ठेवा. त्याला धाप लागलीय, काढा छातीत उतरेल. आणि पट्टा सोडा."

"डोकं फिरलंय का तुझं? अंगात थंडी शिरलीय म्हणून तर पडलाय. उघडा केला तर आणखी शिरेल."

"नुसती थंडी नाही. न्यूमोनिया वाटतोय. फुप्फुसात जंतू शिरतात, तिथं सूज येते, पाणी भरतं. मग हवेला जागा उरत नाही. आणि या धुरानं पोरांची छाती आधीच कमजोर होते."

"याच धुरात मी सहा पोरं वाढवली."

दारातून यानेत हळूच म्हणाली, "सहा जन्मली, सासूबाई. वाढली चार."

चुलीत काहीतरी तडकलं. मावशीनं सुनेकडे पाहिलं नाही. तिची बोटं पट्ट्याच्या टोकाकडे गेली. गाठ तिनेच मारलेली, तिनेच सोडवली. पाखरं आणि मासे भराभरा जमिनीवर पडू लागले.

शेवटचं दुपटं निघालं. दर श्वासाला फासळ्यांखालची जागा आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. श्वास सोडताना बारीक कण्हणं येत होतं. मी घड्याळ धरून पुरं एक मिनिट श्वास मोजले. या वयाला पन्नास म्हणजे धोका, त्याचे साठाच्या वर गेले. पायाच्या अंगठ्याला रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. आमच्या उंचीवर धडधाकट मुलाचा आकडाही सखल गावांपेक्षा कमीच येतो, पण हा त्याच्याही खूप खाली होता.

"हे असं केव्हापासून चाललंय?" मावशीनं विचारलं. कुणाला काही दिसलंच नव्हतं. सगळं पट्ट्याखाली झालं होतं.

मी प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं, यानेतनं धावत जाऊन केंद्रातला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणला, मी नाकाला नळी लावली. पण एवढ्यानं भागणार नव्हतं, तालुक्याचं रुग्णालय गाठायला हवं होतं. रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन गेलेली. चीज गोळा करणाऱ्या गुमेर्सिंदोची गाडी तेवढी उभी होती.

"बांधू का? वाटेत गारठेल," गाडीत मावशीनं विचारलं. पट्टा तिच्या हातातच होता.

"नको. मला छाती दिसायला हवी."

तिनं क्षणभर विचार केला. मग स्वतःच्या चोळीची बटणं सोडली, त्याला उभा धरून पाठ आपल्या पोटाला लावली आणि वरून शाल घेतली. हात त्याच्या फासळ्यांवर ठेवला. "माझ्या अंगाची ऊब आहे. ओढ कमीजास्त झाली तर मी सांगते."

"माझ्या चीजहून नाजूक माल आज पहिल्यांदा चाललाय," गुमेर्सिंदो म्हणाला.

"तोंड मिट आणि खड्डे बघ, मेल्या."

सिलिंडरचा काटा उतरत होता. पूल ओलांडला आणि मावशीचा आवाज बदलला.

"ओढ मंदावली. बरं वाटतंय का त्याला?"

असं मूल बरं झालं म्हणून नाही, थकलं म्हणूनही हळू श्वास घेतं. मग तो थांबतो. मी शालीखाली हात घातला, नळी सरकली होती, ती नीट बसवली आणि तळव्यावर जोरात टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली. यानेत माझ्या खांद्याला घट्ट धरून होती.

विल्बेर रडला. बारीक, पण चिडून.

"रडतोय! चांगलं की वाईट?"

"चांगलं, मावशी. रडू दे."

रुग्णालयाचं फाटक येईपर्यंत तिनं त्याला गोंजारलंसुद्धा नाही. रडू दिलं.

एक्स-रेत उजवं फुप्फुस खाली पांढरं दिसलं. त्याला बरेच दिवस ऑक्सिजनवर ठेवलं, शिरेतून औषधं दिली. मावशी रोज एकच विचारायची, "प्यायला का?" ज्या दिवशी यानेत हो म्हणाली, त्या दिवशी मावशी व्हरांड्यात जमिनीवरच पहिल्यांदा शांत झोपली.

आता तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक आहे, धूर जायला. आणि पट्टे ती आखूड विणते, कमरेपासून खाली पुरतील एवढेच. बायका कुरकुरतात की मूल मऊ निघेल.

"निघू दे," ती माग ओढत म्हणते. "छाती दिसली पाहिजे. पोरं तोंडाळ होतील, या नर्सबाईसारखी. आपण सोसू."