कळी धरलेला वेल

किशनराव हैदराबादच्या काचीगुड्यात राहत आणि नामपल्लीजवळच्या एका कचेरीत कारकुनी करत. पगार, तब्येत, बुद्धी, सगळं बेताचंच, असं ते स्वतः सांगत. वेड मात्र भरपूर होतं. फुलझाडाच्या पानावर पांढरा पट्टा किंवा पिवळा शिंतोडा दिसला, की त्यांचा पाय तिथून निघत नसे. व्हरांड्यात अशा एकोणीस कुंड्या होत्या. शेजारी त्याला दवाखाना म्हणत.

“रोग्यांमधला सर्वांत जुना मी,” किशनराव म्हणत.

या दवाखान्यात मान होता एका वेलाला. जाड पानं, पांढऱ्या कडा, आणि फुलं म्हणे मेणासारखी. एखादी फांदी नुसती हिरवी फुटली की किशनराव ती कात्रीनं छाटत. नाहीतर हिरवंच जोर धरतं आणि पांढरं जातं. सात वर्षं त्यांनी नेमानं छाटलं. फूल एकही आलं नाही. छप्पन सालच्या ऑक्टोबरात मात्र कळ्यांचा घोस धरला. या वेलाचं कलम देणारे म्हातारे माळी मुद्दाम बघायला आले.

“किशनरावसाब, कली खुले तक गमला हिलाना नक्को. रुख बदला तो सब झड जाते.” कुंडीचं तोंड फिरलं की कळ्या गळतात, हे किशनरावांनी मनात कोरून ठेवलं.

त्याच आठवड्यात कचेरीत याद्या लागल्या. हैदराबाद राज्य मोडणार होतं. मराठवाड्याची माणसं मुंबई राज्याकडे. किशनरावांना एक नोव्हेंबरला औरंगाबादला रुजू व्हायचं होतं. वीस-वीस वर्षं डबे वाटून खाल्लेले लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. किशनराव खाली मान घालून बसत. लोकांना वाटे, गावाची माया. ते मनात कळ्या मोजत.

वेलासाठी मुदत कोण देणार? त्यांनी अर्ज लिहिला: पत्नीला दिवस गेले आहेत, प्रवास वर्ज्य, वीस दिवसांची रजा मिळावी. त्यांच्या पत्नी चतुराबाई तेव्हा बेचाळीस वर्षांच्या. थोरला मुलगा कॉलेजात. इतकं खोटं आपण बिनदिक्कत लिहिलं, याचं किशनरावांना पुढे फार नवल वाटे.

कचेरीच्या हिम्मतराव साहेबांनी अर्ज मंजूर केला. वर अभिनंदन केलं. साहेबांनाही घर आहे आणि घरी ते बोलतात, एवढंच किशनराव विसरले होते.

दुसऱ्या दिवशी ते संध्याकाळी परतले, तर चतुराबाई पदरात नारळ, खण, तांदूळ घेऊन पाटावर बसलेल्या.

“या. मला दिवस गेलेत म्हणे. मलाच उशिरा कळलं.”

“कोण आलं होतं?”

“साहेबांच्या सुशीलाबाई. चौघींना घेऊन, ओटी भरायला.”

“तू काही बोलली नाहीस ना?”

“काय बोलणार? तोंडात पेढा कोंबला होता.”

तेवढ्यात किशनरावांचं कोपऱ्याकडे लक्ष गेलं. वेलाची कुंडी जागेवर नव्हती. ओटी भरताना पूर्वेला तोंड हवं, आणि पाट मांडायला जागा तिथेच होती. सुशीलाबाईंनी स्वतः कुंडी उचलून मोरीपाशी ठेवली होती. पोटुशीला जड उचलू द्यायचं नाही म्हणून.

किशनरावांनी ती परत आणली. पण कुठली बाजू भिंतीकडे होती, ते काही केल्या आठवेना. चौथ्या दिवशी कळ्या पिवळ्या पडल्या. सहाव्या दिवशी गळल्या. चतुराबाईंनी त्या हलक्या हातानं एकेक करून वेचल्या. ते किशनरावांना रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

आता रजा कशाला? ते साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

“रजा रद्द करा, साहेब. आता गरज उरली नाही.” आवाजातलं दुःख मात्र खरं होतं.

हिम्मतराव खुर्चीतून उठले. “अरेरे! वहिनींना जपा. रजा उलट वाढवून घ्या.” त्यांचे डोळे भरले होते.

गप्प बसले असते तर महिना पदरात पडला असता. पण ते डोळे किशनरावांना बघवेनात. त्यांनी सगळं सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग कसनुसा.

“कुंडी कोणी उचलली?”

“आपल्या घरच्यांनी. प्रेमानंच, साहेब.”

हिम्मतरावांनी अर्ज फाडला. “एक तारखेला औरंगाबादला हजर व्हा. एक दिवस उशीर नको.” मग खिडकीकडे बघत म्हणाले, “आमच्या घरी बोलू नका. तिनं टोपडी शिवायला घेतलीत.”

निघायच्या दिवशी सुशीलाबाई काचीगुडा स्टेशनावर आल्या आणि चतुराबाईंच्या हातात चार टोपडी ठेवली. चतुराबाईंनी ती घेतली, वाकून नमस्कार केला, आणि नवऱ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की औरंगाबाद येईपर्यंत किशनराव मांडीवरच्या वेलाच्या पानांआड बसून होते.