कुमुदताईंचा शनिवारचा वर्ग

महेशचा फोन आला तेव्हा मी नोएडातल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. कुमुदताईंचा हा मुलगा एरवी मला कधी फोन करत नाही, म्हणून नाव दिसताच बाहेर आले. "आई गेली गं... सकाळी चहा घेतला, पेपर वाचत बसली होती. मी आंघोळ करून आलो तर मान कललेली. बस, इतकंच." मी जिन्यात बसून रडले. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडी सुटकाही होती. हृदयाचं दुखणं निघाल्यापासून ताईंना एकाच गोष्टीची धास्ती होती, नळ्या लावून महिनोन् महिने पडून राहण्याची. ते टळलं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले, आणि आता त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल असं वाटतं.

ताई लग्न होऊन दिल्लीत आल्या आणि नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी एका सरकारी दवाखान्याच्या लेबर रूममध्ये झाली. निवृत्तीनंतर त्या गाझियाबादला मुलाकडे राहायला आल्या आणि दर शनिवारी सकाळी तिथल्याच बैठकीच्या खोलीत गरोदर बायकांना शिकवू लागल्या. माझी त्यांची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. मला पाचवा महिना होता. आई पुण्याला बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये अडकली होती, सासूबाई नव्हत्या, आणि मला बाळंतपणाची इतकी भीती होती की तो विषय निघाला तरी मी उठून जायचे. त्या भीतीवर मी माझ्या परीनं उपाय काढला होता. नेटवर वाचून वाचून चार पानांचा प्लॅन केला होता: दुखणं थांबवणारं इंजेक्शन नाही, सलाईन नाही, काहीच नाही. पहिल्याच शनिवारी मी ती पानं ताईंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "छान लिहिलंयस. पण हा ऑफिसचा प्रोजेक्ट नाही गं. बाळानं हे वाचलेलं नसतं."

मग चार महिने मी त्यांच्याकडे जात राहिले. लिफ्ट नव्हती, तिसरा मजला. ताई म्हणायच्या, हाच तुझा व्यायाम. उकिडवं कसं बसायचं, कळ आली की खांदे सैल कसे सोडायचे, गरम चहावर घालतो तशी लांब फुंकर कशी घालायची, हे त्या पुन्हा पुन्हा करून घ्यायच्या. नोव्हेंबरात धुरक्यानं बाहेर श्वास घेववेना, तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायचे आणि निखिल, माझा नवरा, मागून पाण्याची बाटली घेऊन चालायचा. ताईंनी त्यालाही कंबर दाबायला शिकवलं होतं. "जोर लाव रे, पीठ मळतोयस का?" असं म्हणून त्या त्याला सगळ्यांदेखत चिडवायच्या.

एका शनिवारी बाकीच्या गेल्यावर मी सहज विचारलं, "ताई, आता आराम करायचा सोडून हे कशाला?" त्यांनी हातातल्या सतरंजीची घडी घातली. मग म्हणाल्या, "एकेका पलंगावर दोघी दोघी असायच्या तेव्हा. आणि आम्ही नर्सा दोन. कुणी ओरडली की मी खेकसायची, चुप रहो. एकदोघींच्या मांडीवर चापटही मारलीय... घाबरलेली पोरगी गप्प बसली की मला वाटायचं, काम झालं. त्या कशानं घाबरल्या होत्या, ते विचारायला कधी वेळच काढला नाही मी." मी दुसरी सतरंजी उचलली आणि तिचं एक टोक त्यांच्या हातात दिलं.

जानेवारीतल्या एका सकाळी सहाला माझ्या कळा सुरू झाल्या. ताई कॅब करून आल्या. त्यांनी मला आंघोळ करायला लावली, वरणभात खायला घातला, आणि डॉक्टरांना फोनवर विचारून बारापर्यंत घरीच ठेवलं. हॉस्पिटलमध्ये तीन वाजता डॉक्टर म्हणाल्या, प्रगती हळू आहे, कळा वाढवायला ड्रिप लावू या. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, पण बोलल्या नाहीत. विचारायचं मीच, हे त्यांनी वर्गात शिकवलं होतं. "मैं ठीक हूँ? बेबी ठीक है? तो थोड़ा रुक सकते हैं?" डॉक्टरांनी ठोके पुन्हा तपासले आणि म्हणाल्या, "बिल्कुल. दो घंटे देखते हैं." त्या दोन तासांत मी चालले, वाकले, निखिलच्या गळ्यात लोंबकळले. पाचच्या सुमाराला डॉक्टरांनी तपासून ड्रिप नको म्हटलं, पण तेव्हाच माझा धीर सुटला. "ताई, मला इंजेक्शन हवंय. मी हरले." त्या कानाशी आल्या. "घ्यायचं तर घे, राणी. त्यात हरणं कसलं? मी आत्ता सांगते त्यांना. की आणखी तीन कळा बघायच्या?" मी तीन म्हटलं. दुसऱ्या कळेला माझ्या तोंडून अशी किंकाळी फुटली की दारातून एक सिस्टर धावत आली. "मॅडम, चिल्लाइए मत, एनर्जी जाती है." आणि ताई खुर्चीतून उठल्या. आवाज चढवला नाही, उलट हात जोडले. "चिल्लाने दीजिए, बेटा. मैंने पैंतीस साल चुप कराया है." मग त्या सिस्टरनंच येऊन माझा दुसरा हात धरला. तिसऱ्या कळेनंतर इंजेक्शनचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. पावणेसातला ईशा झाली. टाके घालताना भूल दिली, तेवढंच काय ते औषध. बाळ माझ्या छातीवर होतं आणि कोपऱ्यात ताई पदरानं डोळे पुसत होत्या. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

शेवटची भेट त्या जाण्याआधी तीन आठवड्यांची. त्या दिवशी फार खुशीत होत्या. भाजी घेताना एका पन्नाशीच्या बाईनं त्यांना ओळखलं होतं. "म्हणाली, सिस्टरजी, मेरा बड़ा बेटा आपके हाथ से हुआ था, आपने बहुत डाँटा था. मी तिथंच भर बाजारात माफी मागितली. तर हसायला लागली गं! म्हणे, डाँटा था, पर रात भर मेरा हाथ भी तो नहीं छोड़ा." ताईंनी चष्मा काढून पुसला. "हे मला आठवतच नव्हतं, ऋता... बरं झालं भेटली."

त्या गेल्या त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी महेशकडे गेले. वर्गाच्या बायकांना कळवायचं राहून गेलं होतं. दहाच्या सुमाराला दोघी धापा टाकत वर आल्या, एकीला आठवा, एकीला सहावा. महेशनं सांगितलं तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या. सहावा महिना असलेली हळूच म्हणाली, "अब हम किससे पूछें, दीदी?"

मी सॉफ्टवेअरवाली, मला काय शिकवता येणार? पण तीन जिने चढून आलेल्या बायकांना परत पाठवणं जमेना. पंखा लावला, भिंतीपाशी तक्के ठेवले, दोघींना पाणी दिलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, सिखाना तो मुझे नहीं आता, मेरे साथ क्या हुआ था वो बता सकती हूँ... आणि सुरुवात केली, "मुझे बहुत डर लगता था."