पाच रंगांतले नाना

"नानांच्या गालावर शेवाळ उगवलंय का हो?"

धुळ्याच्या सुनंदाअक्का विचारत होत्या. समोर फरशीवर त्यांच्या वडिलांचा चेहरा पसरलेला. सहा फुटी चटईवर. दुसऱ्या दिवशी नानांची पंच्याहत्तरी. नवी विणायला वेळ नव्हता.

मी जळगावला चटईच्या कारखान्यात डिझाइन करतो. मोर, कमळं, वेलबुट्टी. माणसाचा फोटो आमच्याकडे कुणी विणला नव्हता. "त्यात काय, करू की," म्हणणारा शहाणा मीच.

फोटोत रंग हजारो. आमच्या मागावर प्लास्टिकच्या नळ्या पाचच रंगांच्या, आणि तपकिरी त्यांत नाहीच. मग कॉम्प्युटर लाल आणि हिरवे ठिपके शेजारी शेजारी मांडतो. लांबून आपला डोळा त्यांचा तपकिरी करून घेतो. याला डिदरिंग म्हणतात. स्क्रीनवर नाना फर्स्टक्लास दिसत होते, कारण तिथे ते वीतभर होते. चटईवर एकेक ठिपका हरभऱ्याएवढा झाला, हे मी सोयीस्करपणे विसरलो.

"अक्का, जरा मागे सरका."

"सरकले. शेवाळच आहे."

"अजून थोडं."

"अहो, मागे भिंत आहे!"

शेवटी मी आणि आमचे मालक शेठजी, दोघं चटईची टोकं धरून अंगणात उभे राहिलो. अक्का गेटबाहेर पडल्या, रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपाशी गेल्या. तिथून हाक आली, "अगं बाई, नानाच की!" टपरीवरच्या एका म्हाताऱ्याने तर कुणी महाराज समजून हात जोडले.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात शेठजी हळूच म्हणाले, "पाटील, बाकी सगळं ठीक. पण बापाच्या तोंडावर बसणार कोण?"

ऑर्डर घेताना हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. आणि शेठजींचा तर जन्म चटया विकण्यात गेलेला! टपरीपाशी जाऊन अक्कांना सांगितलं. त्या आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग टपरीच्या बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "मग बसायचंच कशाला? टांगू या!"

दुसऱ्या दिवशी धुळ्यात चटई गच्चीवरून खाली सोडली. नाना गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले आणि बघतच राहिले. मग त्यांनी अहिराणीत विचारलं,

"मन्हं नाक इतलं मोठं शे?"

"शे!" अख्खी गल्ली ओरडली.

नाना खूश. जवळून बघायला निघाले, तर मी चपळाईने त्यांचा हात धरला. "नाना, फोटो इथूनच काढू."

हल्ली कुणी फोटोची चटई मागितली, की मी रंगांचं नंतर बोलतो. आधी विचारतो, समोर मोकळी जागा किती आहे?