येऊन राहिली

रंजिता शहारेला धावताना खाली पाहायची सवय नव्हती. सौंदडच्या शिवारात रोवणीच्या दिवसांत डोक्यावर धानाच्या रोपांच्या पेंढ्या घेऊन वीतभर रुंदीच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, पळणारी पोर खाली पाहायला लागली, तर ती सरळ चिखलात आडवी होते. शाळेतले पीटी मास्तर भैयाजी कापगते यांनी एकदा तिला तसं पळताना रस्त्यावरून पाहिलं आणि सायकल थांबवली. भैयाजींच्या वाडवडिलांनी गावाचा तलाव बांधला होता. यांनी मुलींचा क्रिकेटचा संघ बांधला. गावाने जेवढं हसायचं तेवढं हसून घेतलं. आता रंजिता स्वतः सडक अर्जुनीच्या शाळेत पीटी शिकवते आणि मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगते, की खाली पाहू नका.

तिच्या बॅटमध्ये फार जोर नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. षटकार तिने जन्मात तीन मारले, त्यातला एक चुकून. पण चेंडू हलकेच ढकलून एक धाव चोरावी, तर ती रंजितानेच. वीस षटकांच्या खेळात अशा चोरीला फार मान असतो.

आठ वर्षं विदर्भाकडून खेळल्यावर, दोन हजार अकराच्या डिसेंबरात, तिला नागपूरच्या निवड शिबिराचं पत्र आलं. दुसऱ्या फळीचा भारतीय महिला संघ श्रीलंकेत वीस-वीस षटकांचे सामने खेळायला जाणार होता. मुली तीस, जागा पंधरा, निवडीचे सामने दोन. रंजिता सव्वीस वर्षांची होती. या वयात आलेलं बोलावणं पुन्हा येत नाही, हे भैयाजींनी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी ते दोनदा सांगितलं.

ती निघाली तेव्हा तिची आई अल्काबाई अंगणात धान पाखडत होती. सूप खाली न ठेवताच ती म्हणाली, "राहून गेली तं रडत घरी येऊ नको. तिथंच रडून घेजो, मंग ये."

पहिल्या सामन्यात रंजिताच्या जोडीला साताऱ्याची शर्वरी घोरपडे होती. उंच, दणकट, चेंडूवर राग काढावा तशी मारणारी. सातव्या षटकात रंजिताने चेंडू बाजूला ढकलला आणि नेहमीसारखी ओरडत सुटली, "येऊन राहिली!"

मैदानावर गलका होता. शर्वरीच्या कानात शेवटचाच शब्द शिरला, आणि साताऱ्यात राहिली म्हणजे राहिली, जागच्या जागी. तिने बॅट टेकवली आणि शांतपणे उभी राहिली. रंजिता धापा टाकत तिच्यासमोर येऊन थडकली. पलीकडे दांड्या उडाल्या. पाच धावांवर बाद.

"अगं, राहिली म्हणालीस ना तू?" शर्वरी म्हणाली.

"येऊन राहिली म्हनलं!"

"म्हणजे आली, की राहिली?"

"येऊन राहिली!" रंजिता ओरडली. पंच बोट वर करून वाट पाहत होते.

शिबिराच्या प्रशिक्षकांनी दोघींना बाजूला घेतलं. "मैदान पर सिर्फ यस और नो," ते म्हणाले. तीन दिवसांनी पुढचा सामना होता, त्यात हीच जोडी खेळणार होती, आणि तोच शेवटचा.

यस-नो रंजिताला येत नव्हतं असं नाही. सरावात ती यसच म्हणायची. पण जीव घेऊन पळताना तोंडातून घरचीच भाषा निघते. ठेच लागल्यावर कुणी इंग्रजीत विव्हळत नाही. रात्रभर ती धुमसली. सकाळी शर्वरीच्या खाटेशी जाऊन म्हणाली, "मी यस पाठ करतो. पन तू माहं बी शिक. ऐन वेळी माह्या तोंडातून का निघन, त्याचा मले भरोसा नाही. चाल सौंदडले. दोन दिवस सुट्टी आहे."

शर्वरीला घर लांब होतं आणि त्या धावबादाचा सल तिलाही होता. ती बसमध्ये बसली.

अल्काबाई चुलीपाशी होती. "बसा, भात शिजून राहिला," ती म्हणाली.

शर्वरी हात धुऊन, मांडी घालून ताटाची वाट पाहत बसली. बराच वेळ गेला. शेवटी तिने विचारलं, "मावशी, झाला ना भात?"

"आताच तं सांगतलं, शिजून राहिला! झाला असता तं वाढला नसता का?"

रंजिता पोट धरून हसली. हसता हसता म्हणाली, "समजलं का? राहिली म्हंजे थांबली नाही. राहिली म्हंजे सुरू आहे."

धान कापून झालं होतं, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, रिकाम्या होत्या. धुऱ्यावर बावीस पावलं मोजून दोन काटक्या रोवल्या. रंजिता ओरडायची, शर्वरी पळायची. पहिल्या दिवशी शर्वरी चारदा खाली पडली आणि तिचे गुडघे सोलून निघाले. तरी ती उठत होती. मुलगी हट्टी होती, आणि रंजिताला ती त्याच दिवशी आवडली.

"मग खरंच थांबायचं असेल तर काय ओरडतेस?" तिने विचारलं.

"काहीच नाही. थांबलेला मानूस कायले ओरडते?"

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत हाक आली, की शर्वरीचे पाय आपोआप सुटत होते.

शेवटच्या सामन्यात शेवटचा चेंडू उरला आणि दोन धावा हव्या होत्या. शर्वरीने तो सरळ, दूर टोलवला. पहिली धाव सहज झाली. दुसरीसाठी रंजिता वळली, आणि नेमकं तिला प्रशिक्षकांचं बोलणं आठवलं. घशात यस शोधू लागली. तो सापडेना. अर्धा क्षण असाच वाया गेला, आणि समोरच्या टोकाकडून साताऱ्याच्या खणखणीत आवाजात हाक आली, "येऊन राहिली!"

रंजिता सुटली. चेंडू तिच्याच टोकाकडे येत होता, हे तिला दिसत होतं. तिने खाली पाहिलं नाही. अंग झोकून दिलं, बॅट रेषेपलीकडे सरकली आणि मग दांड्या उडाल्या. पंचांनी नकारार्थी मान हलवली. नाबाद. सामना जिंकला होता.

"यह कौन-सी भाषा थी?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"सौंदड की, सर," शर्वरी म्हणाली.

संध्याकाळी फलकावर यादी लागली. रंजिताने ती वरून खाली वाचली, मग खालून वर, मग प्रत्येक नावावर बोट ठेवून. मग ती मोबाईल घेऊन पायरीवर बसली. पलीकडे अल्काबाईने पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"का झालं वो?" तिचा आवाज बारीक झाला होता. "राहिली का?"

रंजिताने मान वळवून फलकाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"राहिली नाही, माय," ती म्हणाली. "जाऊन राहिली."