संडासाखालची खूण

रेल्वेच्या डब्यातला संडास तुम्ही वरून पाहिला असेल. मी तो वीस-बावीस वर्षं खालून पाहिला. वरून बघणाऱ्याला नाक दाबून बाहेर पडता येतं. खालून बघणाऱ्याला तिथेच उताणं पडून काम करायचं असतं, आणि जे वरून गेलेलं असतं ते त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर वाळून बसलेलं असतं. काळं, थरावर थर. त्यात केस, गुटख्याच्या पुड्या, मेलेली झुरळं. पाणी मारलं तर ते पुन्हा ओलं होतं आणि त्याला पुन्हा वास येतो. जुन्या डब्यांची ही गोष्ट. नव्यांना खाली टाक्या असतात म्हणतात. आमच्याकडे यायचे ते जुनेच.

आमचा कारखाना म्हाताऱ्या होत चाललेल्या डब्यांचा. ठरलेलं आयुष्य निम्म्यावर आलं की डबा आमच्याकडे यायचा. चाकांचा सांगाडा काढून वरचा डबा लोखंडी घोड्यांवर ठेवायचा, गंजलेलं कापायचं, नवा पत्रा जोडायचा, रंग द्यायचा आणि पुन्हा तितकीच वर्षं पळायला पाठवायचा. कारखाना कुठला, ते लिहीत नाही. जे लिहितोय ते मी केलं, कारखान्याने नाही.

डबा कुठे कुजतो? जिथे लोक घाण करतात तिथे. संडासाखालचा पत्रा आणि त्याला लागून डब्याच्या पोटाखालून जाणारी पोलादी पट्टी. बाकी डबा ठणठणीत असतो आणि एवढाच कोपरा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटत असतो. तो कापून नवा जोडणं हे माझं काम.

माझं घर नालासोपाऱ्याजवळच्या निर्मळ गावात. केळी, मोगरा, थोडी भाजी. घाणीची किळस आमच्या घरात कुणालाच नव्हती. वडील सडक्या मासळीचं खत हाताने केळीच्या बुंध्याशी घालायचे आणि तेच हात धुऊन जेवायला बसायचे. मी नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात ताटावरून उठलो, तेव्हा म्हणाले, "शेणात हात घालणाऱ्याच्या पोटी हा कोण राजपुत्र जन्माला आला?" त्यांना कसं सांगणार? शेणाचं काहीतरी होतं, त्यावर केळ येते. त्या डब्याखालच्या घाणीवर काहीच येत नाही. ती फक्त पोलाद खाते. बायकोने माझ्या जेवणाच्या डब्यात पिवळं वरण देणं बंद केलं, ते मी न सांगताच. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी तसा बोलणारा नाहीच.

कापायचं कुठे, हे मी ठरवायचो नाही. ते मामा ठरवायचे. मामा म्हणजे आमच्या शेजारच्या, समुद्रकाठच्या कळंबचे एक वयस्क कारागीर, कोळी घरातले. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. त्यांच्या हातात एक लहान हातोडी आणि खिशात खडू. डब्याखाली शिरून ते पट्टीवर टक् टक् करत जायचे आणि कान देऊन ऐकायचे. चांगलं पोलाद खणखणतं. कुजलेलं भद्द वाजतं. पण मधलेही आवाज असतात, आणि तेच कळायला माणूस लागतो. वरून रंग शाबूत, आतून पोकळ, असा पत्रा मामांना लांबून कळायचा. भद्द वाजलं की तिथे खडूने गोल.

त्या गोलाचा एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. ज्याने खूण केली त्यानेच ती पुसायची. आम्ही कापायचं, जोडायचं, पण गोल शिल्लक ठेवायचा, निदान त्याची एखादी कड तरी. मग मामा पुन्हा यायचे, नव्या जोडावर हातोडी मारायचे, ऐकायचे, आणि अंगठ्याने खडू पुसायचे. त्यानंतरच काळा रंग. कागद सगळ्यात शेवटी, तोही मामांनी किती खुणा पुसल्या ते मोजून. म्हणजे खडू हाच कागद.

मामा आणि मी एकाच वाटेचे. ते सकाळी कळंबहून बसने निर्मळच्या नाक्यावर उतरायचे आणि तिथून माझ्या स्कूटरवर मागे बसून नालासोपारा स्टेशन. मला ते फुलवाल्या म्हणायचे. "ए फुलवाल्या, आज मोगरा नाय आनलास? आपल्या संडासाला वाहिला असता." दुपारी ते डब्याच्याच सावलीत बसून बोंबलाची चटणी आणि भाकरी खायचे. मी लांब जाऊन बसायचो. "पलतोस कुठं? सगल्यांच्या पोटात तेच असतं रे. तुझ्या पन."

आता तो दिवस.

तीन गोल मी उरकले होते. चौथा सांडपाण्याच्या पाइपामागे होता, अगदी कोपऱ्यात. तिथे पोहोचायचं तर मान वाकडी करून गाल जवळजवळ त्या थराला लावावा लागत होता. मी खरवडायला घेतलं. एक मोठा पापुद्रा सुटला आणि माझ्या ओठांवर पडला. तोंड बंद होतं, तरी पडला. मी बाहेर येऊन ओकलो. नळाखाली तोंड धुतलं, साबण लावला, पुन्हा धुतलं. आणि मला माहीत होतं की अजून गॅसने कापायचं बाकी आहे. त्या घाणीवर ज्योत लागली की जो धूर निघतो, तो कपड्यांतून दोन दोन दिवस जात नाही.

मी पुन्हा आत गेलो. माझ्या हातोडीने पट्टी वाजवली. मला वाटलं, बरी वाजते. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. मला तिथून निघायचं होतं. हातात ओली चिंधी होती. मी गोल पुसला.

एवढंच. दोन सेकंदांचं काम.

संध्याकाळी मामा तपासायला आले. तीन ठिकाणी हातोडी मारली, तीन खुणा पुसल्या. मग पाइपाकडे बघत थांबले.

"इथं एक होता ना रे?"

"नाही मामा. तो पलीकडच्या डब्याला."

"पलीकडच्या?"

"तुम्ही आज सहा डबे बघितलेत."

ते हसले. "म्हातारा झालो." आणि पुढे गेले. खूण नाही तिथे ते हातोडी मारत नसत. मी मारा म्हटलं नाही. रंगवाला येऊन काळा रंग मारून गेला. रंगाखाली सगळंच चांगलं दिसतं.

आठ-नऊ महिन्यांनी तो डबा परत आला. चालत्या गाडीत सफाई करणारा एक माणूस संडासात उभा राहून फरशी घासत होता. कोपऱ्यात खालची पट्टी तुटली, वरचा पत्रा खचला आणि त्याचा एक पाय गुडघ्याच्या वरपर्यंत खाली गेला. गाडी वेगात नव्हती म्हणून जीव वाचला. पाय फाटला. पुढे काय झालं, किती दिवस तो पडून होता, पुन्हा कामाला लागला का, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर लोकांनी माझ्याकडे पाहिलं असतं.

चौकशी झाली. साहेबांनी दोन-तीन जणांना बोलावलं, मीही होतो. कागदावर तीन खुणा, तीन जोड, तिन्ही बरोबर. मोडलेली जागा चौथी. साहेबांनी मामांना विचारलं, "इथे तुम्ही ठोकलं होतं का?"

"ठोकलं असंल. मी सगलीकडं ठोकतो."

"मग खूण का नाही?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नव्हे, हे मला आजही खुपतं. मदतीसाठी पाहिलं. मी जमिनीकडे बघत होतो. मग ते म्हणाले, "नाय ऐकू आलं असंल, साहेब."

त्यांना कान तपासायला पाठवलं. कारखान्यात आयुष्य काढलेल्या कुणाचेही कान तपासा, थोडे कमी निघणारच. माझेही निघाले असते. कागद आला, आणि मामांच्या हातातली हातोडी काढून घेतली. त्यांना डबे धुण्याच्या खड्ड्यावर टाकलं. म्हणजे आत उभं राहायचं, वर डबा, हातात लांब दांड्याचा ब्रश, आणि जी घाण मी दोन सेकंदांत टाळली ती खरवडून त्यांच्या डोक्यावर पडणार. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती दोन्ही त्यांनी तिथे काढली.

आणि रोज सकाळी ते माझ्या मागे स्कूटरवर बसत होते.

किळस ही काय चीज आहे हे मला तेव्हा कळलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर असायचा आणि मला वाटायचं, हा हात झटकून टाकावा. त्यांच्या अंगाला डबे धुण्याच्या औषधाचा आणि त्या खड्ड्याचा वास यायला लागला होता. मी, ज्याने त्यांना तिथे ढकललं, मी नाक वळवून स्कूटर चालवायचो. याहून घाणेरडं काही मी डब्याखालीही पाहिलं नाही.

पण खरं नुकसान खड्ड्याचं नव्हतं. मामांचा स्वतःच्या कानावरचा भरवसा उडाला होता. पूर्वी पाठीमागून येणारी एस.टी. ते न वळता ओळखायचे. आता विचारायचे, "गाडी येते काय रे मागनं? मला वाटलं आली." गाडी आलेलीच असायची. बरोबर ऐकलेलं असायचं. तरी विचारायचे. एकदा म्हणाले, "घरी सून हाक मारते ती खरी का भास, तेच कलत नाय." मी म्हटलं, "वय झालं मामा." हे माझं वाक्य. हेच म्हणालो.

ते निवृत्त झाले. त्यानंतरही मी चार वर्षं गप्प राहिलो. मग गेल्या हिवाळ्यात मी स्वतः मुदतीआधी निवृत्ती घेतली, पाठीचं कारण सांगून, आणि एका दुपारी कळंबला गेलो. हे सांगायलाच. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

अंगणात मामांची सून बोंबील वाळत घालत होती. मामा खुर्चीवर बसले होते. मला ओळखलं. "फुलवाल्या! वाट चुकलास?" सूनबाईने चहा आणून ठेवला. शेजारच्या अंगणात दोन बायका जाळं निवडत होत्या. मी खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात, जसं मनात इतकी वर्षं म्हणत आलो होतो तसं, सगळं सांगितलं. पाइप, चिंधी, पलीकडचा डबा.

मामांनी कानामागे हात धरला. "काय? मोठ्यानं बोल. आता खरंच नाय ऐकू येत."

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"पाइपाचं काय?"

सूनबाई बोंबील हातात घेऊन म्हणाली, "दादा, ओरडून बोला. त्याशिवाय नाय पोचत."

मग मी ओरडलो. आयुष्यात कधी कुणाशी चढ्या आवाजात बोललो नाही, तो मी भर दुपारी त्या अंगणात ओरडलो, "मामा, खूण तुम्ही केली होती! मी पुसली! तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो!"

जाळं निवडणाऱ्या बायका थांबल्या. सूनबाई तशीच उभी राहिली. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाइपाच्या मागं."

"हो!"

"पत्र्याला का पट्टीला?"

"पट्टीला!"

"भद्द वाजत होता तो. मला आठवतंय. तुला म्हटलं पन." मग सुनेकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? माजं बरोबर होतं." मग पुन्हा माझ्याकडे वळले. "मी रातभर पडून तोच आवाज आठवायचो. म्हनायचो, आला होता का नव्हता? आला होता."

मी त्यांच्या पायाकडे वाकलो. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"हात नको लावू."

मी वाकलेलाच राहिलो.

"दोन वर्सं तुझ्या मागं बसलो. तू बोलला असतास तर मी काय केलं असतं? दोन शिव्या दिल्या असत्या. आनि दुसऱ्या दिवशी परत बसलो असतो. पन त्याला सांगितलंस?"

"कुणाला?"

"ज्याचा पाय फाटला त्याला."

मी मान हलवली. नाही.

"नाव काय त्याचं?"

"माहीत नाही, मामा."

"ऐकू नाय आलं."

"माहीत नाही!"

त्यांनी तोंड फिरवलं. वास आल्यावर माणूस फिरवतो तसं. चहावर साय धरली होती. सूनबाईने कप न विचारता उचलला आणि आत नेला. "जा आता," मामा म्हणाले, माझ्याकडे न बघता. "त्याच्याकडं जाऊन ये. मग हितं बस."

त्या माणसाचं नाव चौकशीच्या कागदात आहे. कागद जुन्या कचेरीत आहे, आणि तिथला कारकून माझ्या ओळखीचा आहे. मागितला तर तो दाखवील. मी दोनदा त्याच्या खिडकीपर्यंत जाऊन आलो. पहिल्यांदा त्याने विचारलं, "काय काम काढलंत?" मी म्हटलं, पेन्शनच्या फॉर्मचं. दुसऱ्यांदा त्याने विचारण्याआधीच फॉर्म काढून दिला. मी तो घेतला आणि परत आलो.