नाशिकचा चिनी मंडप आणि एक फुटलेला कोपरा

नाशिकच्या एका बागेतला चिनी मंडप दुरुस्तीला काढलाय, असं आतेभावानं फोनवर सांगितलं आणि बाबा म्हणाले, "शनिवारी जाऊ." त्या मंडपाच्या छपराचा लोखंडी सांगाडा त्यांनीच तरुणपणी अंबडच्या वर्कशॉपमध्ये केला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस आपणहून कुठे जाऊ म्हणतोय, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

पुण्याहून जाणार असाल तर पहाटे निघा. उजाडायच्या आत चाकण ओलांडलं की पुढचा रस्ता सुखाचा. आम्ही सिन्नरला चहा घेतला, नाशकात शिरल्यावर काळ्या मसाल्याची मिसळ. बाबांनी अर्धी तशीच ठेवली.

बाग दुपारी बंद असते, त्यामुळे सकाळीच जा. आत शिरताच भिंतीतला पूर्ण गोल दरवाजा लागतो आणि त्यातून पलीकडचा मंडप चौकटीत बसवल्यासारखा दिसतो. लाल खांब, हिरवी कौलं, वर वळलेले चार कोपरे, प्रत्येकावर सिमेंटचा ड्रॅगन.

"चीन कोणी पाहिला होता?" बाबा म्हणाले. "ठेकेदारानं चिनी मंडपाचं चित्र असलेली एक बशी आणून दिली. ती बघून मी लोखंड वाकवलं, सलीमनं सिमेंट चढवलं."

जवळून पाहिलं तर ड्रॅगनचे डोळे पोळ्याच्या बैलासारखे मोठे, शांत होते.

सलीमचाचा जुन्या नाशकातले गवंडी, बाबांचे जिवलग. पण दोन-तीन पावसाळ्यांत एका कोपऱ्याला तडा गेला. सिमेंटचा माल कच्चा होता, असं बाबांनी चारचौघांत ठेकेदाराला सांगितलं. चाचांची कामं तुटली, आणि दोघांचं बोलणंही.

तोच कोपरा आता फोडून ठेवला होता. बाबांनी तिथल्या मिस्त्रीला कारण विचारलं.

"लोखंड गंजून फुगलंय, काका. आत गंज रोखायचा रेड ऑक्साइड रंग मारलाच नाय. सिमेंट अजून लय टणक हाय, छिन्नी बसत नाय."

बाबा त्या गंजलेल्या सळईवर हात ठेवून उभे राहिले. "उद्घाटनाची घाई होती," ते हळूच म्हणाले. "हा एक कोपरा मी तसाच दिला होता."

जुन्या नाशकात गाडी नेऊ नका, रिक्षा करा. आम्ही तिथून थेट सलीमचाचांकडे गेलो, तेव्हा ते घराच्या दाराशी खुर्चीत बसले होते. त्यांनी बाबांना लगेच ओळखलं, पण उठले नाहीत.

"सलीम, चूक लोखंडाची होती. माझी."

"मला तेव्हाच कळलं होतं, दत्तू. तडा आतून आला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती. वहिनी पोटुशी होत्या." चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "हीच का ती?"

मी मान हलवली.

"आणि तू?" बाबांनी विचारलं.

"मुंबईला गेलो, बिल्डिंगच्या कामावर. आठ वर्षं. पोरं इथंच मोठी झाली, माझ्याशिवाय." ते म्हणाले, "तू तेव्हा यायला हवं होतंस." मग आत हाक मारून त्यांनी तीन चहा सांगितले.

मंडप जरूर बघा. गोल दरवाजातून सकाळचं ऊन सुरेख पडतं. मी काढलेले फोटोही बरे आलेत. पण घरी आल्यापासून ते उघडावेसे वाटत नाहीत. माझ्या लहानपणी बाबा रोज संध्याकाळी सहाला घरी यायचे. मी दारात उभी असायची. त्याच वेळी जुन्या नाशकातल्या एका दारात कुणाची पोरं उभी होती, हे मला आत्ता, चाळिशीत कळलं.