ज्याला मी हसणे समजलो

मी लिहायला बसलो, या धिटाईबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आमच्या मेंढपाळ घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंटरपर्यंत शिकलो, फौजदार झालो, पण पंचनाम्यापलीकडे कधी काही लिहिले नाही. तरी एकोणीसशे पस्तीसच्या सुमाराची सोलापुरातील एक चौकशी मनातून जात नाही.

सात रस्त्याजवळच्या एका दुकानातून लुगड्यांचे गाठोडे नाहीसे झाले. खबर मिळाली ती अशी, की डोळ्यांखालपर्यंत तोंडावर घोंगडी ओढलेल्या एका धनगराने त्या दुपारी दुकानातल्या नोकराला डोळा मारला. दोघे सामील असणार, असे दुकानदार म्हणाला. मैंदर्गीच्या वाटेवर तो धनगर सापडला. डायरीत नोंद करून त्याला समोर बसवले. आपल्या जातीच्या माणसाला सवलत दिली असे कोणी म्हणू नये, म्हणून मी जरा जास्तच कडक झालो.

“गाठोडे कुठे आहे?”

“मला म्हाईत न्हाय, सायेब.” बोलताना त्याच्या ओठाचा एकच कोपरा वर चढला आणि एकच डोळा मिटला.

हवालदार भडकला. “बघा की, तुमालाबी डोळा मारतोय! लई माजलाय.”

“हसतोस कशाला रे?”

“हसत न्हाय, सायेब. माजं त्वांडच आसं हाय.”

हे मला उद्धट उत्तर वाटले. चेहरा खोटे बोलत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. नोकराला आधीच धरले होते; धनगरालाही कोठडीत टाकले.

सकाळी त्याला चहा दिला. डाव्या गालाला अंगठा दाबून तो बशी तोंडाला लावत होता, तरी चहा ओघळत होता. मी त्याला दोन्ही डोळे मिटायला सांगितले. डावा उघडाच राहिला.

मी स्वतः त्याला सरकारी दवाखान्यात नेले. चार वर्षांपूर्वी बैलाचे शिंग कानाखाली घुसून चेहरा हलवणारी शीर तुटली होती. डॉक्टर म्हणाले, “लवकर आला असता, तर जिभेची शीर तिला जोडून पाहिली असती. आता गालाचे स्नायू वाळले आहेत. मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून ओठ वर बांधता येईल, पण तो हलणार नाही. कानशिलाचा चावण्याचा स्नायू खाली ओढून ओठाला जोडला, तर थोडा हलेल. मुंबईचे माझे गुरुजी ते करतात. खात्री मात्र नाही.”

धनगर म्हणाला, “थोडं हाललं तरी चालंल. पोरगी जवळ येत न्हाय माज्या. भेतीया.”

त्याला आणि नोकराला त्याच दिवशी सोडले. चौथ्या दिवशी गाठोडे नातेपुत्याहून परत आले. दुकानदारानेच ते चुकून तिकडच्या मालात घातले होते. मी धनगराला गाठून त्याची माफी मागितली.

तो म्हणाला, “तुमी धरलं म्हणून तर डागदर भेटला की!”

हे बोलताना तो खरोखरच हसत असावा. तोंडावरून मला अजूनही ओळखता येत नव्हते. त्यानंतर चेहऱ्यावरून मी कोणालाही कोठडीत टाकले नाही. ही शिकवण त्या माणसाची आणि त्या डॉक्टरांची.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो मुंबईला गेला. वर्षभर काहीच कळले नाही. मग एक दिवस त्याच्या गावच्या मास्तरांच्या हातचे कार्ड आले: “दात आवळले की गाल हलतो. पोरगी मांडीवर बसून म्हणते, बा, पुन्यांदा कर.”